फुलं आत, तुम्ही बाहेर

चोंगजूच्या फूलबाजारात मा दोंगपिलएवढा तिरसट माणूस दुसरा नव्हता आणि त्याच्याएवढं सुबक अक्षरही कुणाचं नव्हतं. एकतीस वर्षं तो पुष्पचक्रं बनवत होता. माणसाच्या उंचीचा तीन मजली सांगाडा. उद्घाटनाला त्यावर रंगीत फुलं, मयताला पांढरी शेवंती. उजव्या फितीवर मजकूर, डाव्या फितीवर पाठवणाऱ्याचं नाव. बाकीच्या दुकानांत फिती यंत्रावर छापून यायच्या. हा अजून ब्रशने लिहायचा आणि छापणाऱ्यांना फुकटचे फूलवाले म्हणायचा.

त्याची दुसरी खोड म्हणजे क्रेन्स, शहराची बेसबॉल टीम. दहा संघांत बारा वर्षांत नऊ वेळा शेवटची. दोंगपिल जुन्या मैदानात तिसऱ्या रांगेत बसायचा, वाळवलेला स्क्विड चघळत आपल्याच खेळाडूंचा उद्धार करायचा. पण शिव्या त्यानेच द्यायच्या. परगावच्या कुणी क्रेन्सला नुसतं हसून दाखवलं, की हा बाह्या सरसावून उभा.

"लग्नात माझ्याकडे एकदा पाहिलंत तेवढंच," बायको मालसुन म्हणायची. "त्यानंतर नजर त्या दळभद्र्यांवर."

"ते निदान दर वर्षी नव्याने हरतात," तो म्हणायचा.

मग टीमच्या मालक कंपनीला अचानक हुरूप आला. चार बडे खेळाडू विकत घेतले, तीन हजार कोटी वॉन मोजून. नवं स्टेडियम उभं केलं, वर पोहण्याचा तलावसुद्धा. बेसबॉल बघायला येऊन पोहायचं कुणाला होतं, देव जाणे. टीमचा कारभार पाहणारे संचालक प्यो गीसांग टीव्हीवर छाती काढून म्हणाले, "यंदा अजिंक्यपद. नाही आणलं, तर प्यो नाव लावणार नाही." अख्ख्या गावाच्या अंगात आलं. ज्यांना जन्मात क्रेन्सचा एक खेळाडू ओळखता आला नसता, तेही नव्या टोप्या घालून हिंडू लागले.

तिकिटं सगळी मोबाइलवर. अकराला विक्री सुरू व्हायची आणि अकरा वाजून दोन मिनिटांनी संपायची. दोंगपिलची जाड बोटं तोवर आपला पासवर्ड शोधत असायची.

उद्घाटनाची तीस पुष्पचक्रं मात्र त्याच्याकडूनच गेली. कंपनीचं वर्षभराचं काम त्याच्याच दुकानात होतं. ती मांडायला तो स्वतः गेला आणि मांडून झाल्यावर हळूच आत सरकून तिसऱ्या रांगेपाशी उभा राहिला. कुठे बसता आलं असतं, एवढंच बघत होता. तेवढ्यात प्यो साहेब आले.

"मालक, फुलं लागली ना? मग फुलं आत, तुम्ही बाहेर."

"एकतीस वर्षं मी आत होतो, साहेब."

"तेव्हा कुणी येत नव्हतं म्हणून," प्यो हसून म्हणाले, आणि शेजारचे चार सूटवालेही हसले.

ते हसणं दोंगपिलने सहा महिने उराशी धरलं. ऑक्टोबरात क्रेन्स नववी आली. त्याला टीमचं वाईट वाटलं आणि प्योंचं बरं वाटलं, आणि या दोन्हींची त्याला लाज वाटली नाही.

संतापलेल्या चाहत्यांनी इंटरनेटवर वर्गणी काढून स्टेडियमच्या फाटकावर मयताची पुष्पचक्रं पाठवायचं ठरवलं. आमच्याकडे कचेरीवर राग काढायची हीच रीत. चाळीस पुष्पचक्रं, पाठवणार 'क्रेन्सचे चाहते', नाव कुणाचंच नाही.

"हे काम घेऊ नका," मालसुन म्हणाली. "कंपनी उद्या आपल्याला दारात उभं करणार नाही."

"आत्ता तरी कुठे करते?" असं म्हणून त्याने चाळीस केली आणि एकेचाळीसावं स्वतःचं केलं. उजव्या फितीवर लिहिलं, 'क्रेन्सचा जीव घेणाऱ्या प्यो संचालकांना भावपूर्ण श्रद्धांजली.' डाव्या फितीवर, 'जुनं मैदान, तिसरी रांग, मा दोंगपिल.' एकतीस वर्षांत फितीवर स्वतःचं नाव त्याने पहिल्यांदाच लिहिलं.

त्याच सकाळी कंपनीचा फोन आला. प्यो साहेबांच्या मातोश्री गेल्या, वीस पुष्पचक्रं हॉस्पिटलच्या शोकगृहात पाठवा. तीही त्याने नीट लिहिली. मेलेल्या माणसाशी त्याचं भांडण नव्हतं.

दुपारी टेम्पोवाला योम हात झटकत परत आला. "झालं, भाऊ. चाळीस स्टेडियमला, एकवीस हॉस्पिटलला."

"एकवीस?"

"एक बाजूला पडलं होतं. प्यो नाव दिसलं, म्हटलं तिकडचंच."

प्योंची फजिती त्याला हवीच होती. पण फाटकावर, चारचौघांत, उजेडात. एका म्हातारीच्या मयतात तिच्या जिवंत मुलाला श्रद्धांजली, आणि तीही आपल्या अक्षरात? एवढा हलकट तो नव्हता. कुणी वाचायच्या आत ते उचलायला हवं होतं. त्याने योमच्या हातून किल्ल्या हिसकावल्या.

शोकगृहात पुष्पचक्रं दाराला लागून ओळीने उभी होती आणि त्याचं सगळ्यांत पुढे. त्याने फितीच्या गाठीला हात घातला, तोच आत प्यो साहेब दिसले. काळा सूट, दंडाला शोकपट्टी, डोळे सुजलेले. दारात आलेल्याने मृताला वंदन केल्याशिवाय परत फिरायचं नसतं. दोंगपिलने बूट काढले, म्हातारीच्या फोटोपुढे दोनदा गुडघे टेकून वाकला, मग रीतीप्रमाणे तो आणि प्यो एकमेकांसमोर वाकले. दोघांची कपाळं जमिनीला टेकली.

"स्वतः आलात, मालक," प्यो घोगऱ्या आवाजात म्हणाले. "बाकीच्यांनी माझ्या खुर्चीला फुलं पाठवली."

खोटं बोलून सुटता आलं असतं. दोंगपिलला ते जमलं नाही. "एक चुकून आलंय. परत न्यायचंय."

प्यो उठून बाहेर गेले. त्यांनी उजवी फीत वाचली, मग डावी. आत पाहुणे रीतीप्रमाणे मयताच्या जेवणाचा लाल रस्सा भुरकत होते.

"हे स्टेडियमवर जायचं होतं?"

"हो."

"मग तिथे न्या. आईला बेसबॉलमधलं काही कळत नव्हतं." त्यांनी स्वतःच्या हाताने फीत सोडली आणि घडी करून दिली. "कंपनीचं काम उद्यापासून दुसरीकडे जाईल."

"जाऊ दे," दोंगपिल म्हणाला.

पुष्पचक्र परत आलेलं पाहून मालसुन म्हणाली, "मोडून टाका आता. काम गेलं, निदान हौस तरी भागली."

त्याने मोडलं नाही आणि नेलंही नाही. तीन दिवस सुतक होतं. चौथ्या दिवशी सुकलेली शेवंती एक एक उपटून त्याने ताजी फुलं खोवली. जुनी फीत इस्त्री करून बांधली आणि टेम्पो स्वतः चालवत फाटकावर गेला. ती चाळीस कंपनीने केव्हाच हलवली होती. त्याचं एकटंच उभं राहिलं.

नऊला प्योंची गाडी आली. ते उतरले, पुन्हा दोन्ही फिती वाचल्या. "मला वाटलं, विसरलात."

"तुम्ही सुतकात होता."

प्योंचा चेहरा लाल झाला. ते पहारेकऱ्यावर ओरडले, "काय बघतोस? उचल ते, आत नेऊन टाक."

पहारेकरी पुढे झाला. दोंगपिल त्याच्या आणि पुष्पचक्राच्या मध्ये उभा राहिला.

"आत नको," तो म्हणाला. "आत तिकीट लागतं."