पाटील अजून पुरणात

राळेगावकडच्या आमच्या गावात पोळ्याला पाटलाची बैलजोडी आल्याशिवाय तोरण तुटत नसे. तोवर सजवलेले बैल उन्हात उभे राहत आणि माणसं झडत्या म्हणत. एकाने दोन ओळी जोरात म्हणायच्या, बाकीच्यांनी ‘हर हर महादेव’ गरजायचं. झडत्या सगळ्या जुन्या आणि सगळ्यांना पाठ. मला त्यांचा भयंकर कंटाळा आला होता. साठ सालच्या सुमारास मी स्वतःची एक केली आणि म्हटली:

‘बैल तापले उन्हात,
पाटील अजून पुरणात.’

महादेवाचं नाव कोणी घेतलं नाही. गावातल्या झडत्यांचा जाणकार म्हातारा म्हणाला, “हे कोनाची?”

“माही.”

“तुही? मंग घरी म्हन.”

पुढे नोकरीसाठी मी उमरखेडला गेलो. काही वर्षांनी पोळ्याला गावी आलो, तर तोरणाखाली माझीच झडती चालली होती. मागून गर्जना होत होती. उशिरा पोचलेले पाटीलसुद्धा हसत होते. मधल्या काळात मला तिच्यात सुधारणा सुचली होती, म्हणून मी पुढे होऊन ‘पाटील बुडाला पुरणात’ असं म्हटलं. म्हाताऱ्याने मला तिथंच थांबवलं.

“चुकला तू. आमच्या आज्यापासून ‘अजून’च हाय.”

“आबाजी, हे झडती म्याच केलती.”

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“असं सुचाले जुनी मानसं लागते,” तो म्हणाला. “तू फक्त पाठ कर.”