पोस्टरवरची बाय

बाय चिडली की आधी हसायची. नवख्या माणसाला वाटायचं, बाईंचा मूड झकास आहे. आम्हा प्रयोगशाळेतल्या लोकांना मात्र ते हसू ऐकलं की दाराकडे सरकावंसं वाटे. खरं नाव वेगळं, पण तिची आई रोज दुपारी फोनवरून "बाय, जेवलीस काय?" असं इतक्या मोठ्यांदा विचारायची की अंधेरीच्या आमच्या संस्थेच्या आख्ख्या इमारतीत ती बायच झाली. मी तिची ज्युनियर, मुलुंडहून यायचे.

ती खारदांड्याच्या कोळीवाड्यातली. घरात मासेमारी, आणि ही पीएचडी करत होती बोंबलांवर. वाळत घातलेल्या बोंबलांवर ढगाळ हवा आली की माल नासतो. तो कोणत्या जिवाणूंमुळे, आणि त्यांना रोखता येईल का, हा तिचा विषय. कुणी नाक मुरडून "ईऽऽ, बोंबील?" म्हणालं की ती म्हणायची, "कॅन्सरवर सगळेच करतात. माझ्या आईच्या मालावर कोण करणार?" आणि एके दिवशी तिला एक निरुपद्रवी जिवाणू सापडला, जो नासवणाऱ्यांना वाढूच देत नव्हता! तिने मला अशी मिठी मारली की माझा चष्मा वाकला. प्रयोगशाळेत जमलं होतं. आता एक हंगाम किनाऱ्यावर, खऱ्या उन्हावाऱ्यात करून बघायचं बाकी होतं.

नेमकी तेव्हाच शिष्यवृत्ती थांबली. सरकारची होती, रीतसर परीक्षा देऊन मिळवलेली. जुनी योजना म्हणे नव्या योजनेत विलीन झाली. चूक कुणाची? कुणाचीच नाही. फोन केला की एकच उत्तर, "वरून आलेलं नाही." वर कोण बसतं, ते कुणी सांगेना. बाय सकाळी घाटकोपरला क्लासमध्ये बारावीच्या पोरांना शिकवायची आणि तिथून धावत प्रयोगशाळेत यायची. घरी भाऊ विचारायचा, "तिशीला आलीस, अजून शिकतेच हायस?" इतरांना फाडून खाणारी बाय त्याला काही बोलत नसे. ते तिला लागायचं.

शेवटी सहा महिन्यांनी आम्ही दोघी शिष्यवृत्तीच्या कार्यालयात गेलो. साहेब सभ्य होते, म्हणजे त्यांनी चहा मागवला. म्हणाले, "संशोधन ही तपश्चर्या असते, मॅडम. पैशाकडे बघून करायची गोष्ट नाही. आणि आम्ही मदत करतोच आहोत की."

बाय हसली. मी पर्स उचलली.

"साहेब, मदत पूरग्रस्तांना करतात. मी रविवारीसुद्धा कामावर असते. आणि तपश्चर्याच करायची ना, मग आळीपाळीने करू. पुढचे सहा महिने पगाराशिवाय तुम्ही बसा."

चहा तसाच राहिला.

महिन्याभराने कुठल्याशा विज्ञान सोहळ्याचं मोठं पोस्टर आमच्या फाटकावर लागलं. 'तरुण संशोधकांच्या पाठीशी सरकार!' आणि खाली सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेली बाय. संस्थेच्या माहितीपुस्तिकेसाठी कधीतरी काढलेला फोटो उचलला होता, तिला विचारायचीही गरज कुणाला वाटली नव्हती. त्या दिवशी ती हसली नाही. वॉचमनचं स्टूल ओढून चढली आणि भरदुपारी, सगळ्यांसमोर पोस्टर खाली खेचलं. "पाठीशी आहेत म्हणूनच दिसत नाहीत वाटतं!" असं म्हणत तिने त्याचे चार तुकडे केले.

वरून लगेच फोन आला. शिष्यवृत्तीसाठी कधी न आलेला फोन पोस्टरसाठी तासाभरात आला. आमचे सर, तिचे मार्गदर्शक, भला माणूस पण भित्रा. अगदी काकुळतीला येऊन म्हणाले, "बाय, माफीच्या चार ओळी लिहून दे. तुझा हंगाम वाचेल गं."

आम्हाला वाटलं, ही आता सरांनाही सोडत नाही. पण तिने लिहून दिलं. "माझं काय ते जाऊ दे," म्हणाली, "काम व्हायला पाहिजे." ते आठवलं की आजही माझं डोकं सणकतं. ज्या माणसांनी तिच्यासमोर मान खाली घालायची, त्यांची माफी तिने मागितली. माफीनामा पोचला. शिष्यवृत्ती आली नाही. किनाऱ्यावरचा हंगाम आला आणि गेला.

बायने संशोधन सोडलं. नवी मुंबईत कोळंबी निर्यात करणाऱ्या एका कंपनीत मालाची गुणवत्ता तपासायला लागली. निघताना जिवाणूंच्या नळ्या माझ्या हातात देऊन म्हणाली, "यांना मरू देऊ नकोस यार." आणि गेली. तिच्या निरोपाला कुणीही भाषण केलं नाही, हे एक बरं झालं. नंतर एका सभेत कुणी मोठा माणूस म्हणाला की आजच्या पिढीत चिकाटीच नाही. मी अर्ध्यातून उठून बाहेर आले, नाहीतर हातातला ग्लास फेकला असता.

नोकरीला लागून महिना झाल्यावर तिचा फोन आला.

"अगं, पगार झाला. एक तारखेला. कुणाला फोन नाही केला, कुणाच्या पाया नाही पडले. आपोआप जमा."

"मग छानच की गं!" मी म्हटलं.

पलीकडून हुंदका आला. ती रडत होती. इतक्या वर्षांत मी बायला रडताना कधी ऐकलं नव्हतं.

"इतकं सोपं होतं हे?" ती म्हणाली. "सांग ना. इतकं सोपं होतं?"