वहिनीची भिंत

वहिनी कुणाच्याही घरी गेली, की बसायच्या आधी भिंतीला हात लावायची. तळहात टेकवून क्षणभर थांबायची आणि मग खुर्चीत बसायची. त्या घरच्यांना वाटायचं, रंग बघते आहे. परतताना जिन्यात ती मला हळूच सांगायची, "भाऊजी, यांच्या भिंतीत ओल आहे. दोन वर्षांत गिलावा सुटेल बघा." आणि बहुतेक वेळा तो सुटायचाच.

ती माझ्या थोरल्या भावाची बायको, माहेर अकोल्याचं. लग्न होऊन मयूर विहारच्या आमच्या फ्लॅटमध्ये आली तेव्हा मी कॉलेजात होतो. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त होऊन आईला घेऊन नाशिकला गेले होते. फ्लॅट त्यांच्याच नावावर होता, तिसऱ्या मजल्यावर, बिनालिफ्टचा. आम्ही दोघे भाऊ दिल्लीतच वाढलो, त्यामुळे आमचं मराठी अर्धं हिंदीच होतं. वहिनीला ते खपायचं नाही. मी 'प्लास्टर' म्हटलं की ती 'गिलावा' म्हणायची, मी 'अलमारी' म्हटलं की ती 'कपाट'. "तुम्हीसुद्धा शब्द विसरलात तर मी इथे बोलायचं कुणाशी?" ती हसत विचारायची. शेजारच्या शाळेत ती लहान मुलांना शिकवायची, घरी मला.

एका पावसाळ्यात हॉलच्या मोठ्या भिंतीला फुगे आले. दादाने एक फुगा बोटाने फोडला, तर आत छान लाल वीट दिसली. तो वेडाच झाला. "यार, ही भिंत आपण उघडीच ठेवू. लोक मुद्दाम अशा भिंती करून घेतात!" पुढच्या रविवारी तो छिन्नी-हातोडी घेऊन आला आणि ठोकत सुटला. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं. गिलाव्याबरोबर विटांचेही टवके उडत होते. घरभर धूळ. वहिनी डोक्याला ओढणी गुंडाळून खोकत होती आणि हसत होती. संध्याकाळपर्यंत डावीकडची अर्धी भिंत मोकळी झाली. "बाकीची पुढच्या रविवारी," दादा म्हणाला.

गुरुवारी ऑफिसला जाताना त्याच्या स्कूटरला एका टेम्पोने धडक दिली. वहिनी तेव्हा एकतीस वर्षांची होती.

दिवसकार्य झालं, नातेवाईक गेले; नाशिकहून आलेले आईबाबा मात्र आमच्याकडेच राहिले. हॉलमध्ये ती अर्धवट सोललेली भिंत तशीच होती. येणारा प्रत्येक जण तिच्याकडे बघून नजर वळवायचा. शेवटी बाबा म्हणाले, "मिस्त्री बोलावून सगळं पहिल्यासारखं करून टाकू. रोज डोळ्यांसमोर नको ते." गेले कित्येक दिवस वहिनी 'हो' आणि 'नाही' यांपलीकडे बोललेली नव्हती. ती म्हणाली, "नको, बाबा. उरलेली मी करते."

तिने एक म्हातारा मिस्त्री शोधून काढला. काम करायला नव्हे, शिकवायला. त्याने आधी हात जोडले, "बहनजी, ये आपका काम नहीं है." मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून छिन्नी हातात दिली. "सीधी पकड़ोगी तो ईंट टूटेगी. तिरछी रखो. हल्के हाथ से." दर रविवारी, सुटीच्या दिवशी, अकरा ते एक असं तिचं काम चालायचं. वरचे-खालचे शेजारी एरवी आवाजावरून भांडणारे, पण कुणी एक शब्द बोललं नाही. मी कधी म्हणायचो, "वहिनी, दे इकडे, मी भराभर करतो." ती म्हणायची, "घाई कुणाला आहे, भाऊजी?"

गिलावा निघाल्यावर तारेच्या ब्रशने एकेक वीट घासणं, मग विटांमधल्या दर्जा, म्हणजे सांध्यांच्या फटी, खरवडून नव्याने भरणं. मिस्त्रीने दादाच्या बाजूचे टवके पाहिले आणि तो म्हणाला, "इनको ईंट का चूरा मिलाकर भर दूँ? पता भी नहीं चलेगा." वहिनी चटकन म्हणाली, "वो रहने दीजिए." त्यामुळे भिंतीचा डावा भाग खडबडीत, जखमा झाल्यासारखा, आणि उजवा नीटस राहिला. पाहुण्यांना ती खुबी वाटायची. आम्ही काही सांगायचो नाही.

वर्ष गेलं. हिवाळ्यातल्या एका दुपारी शेवटची दर्ज भरून झाली. वहिनीने हात धुतले, समोर जमिनीवर बसली आणि भिंतीकडे पाहत राहिली. मग रडू लागली. दादा गेल्यावर ती अशी मोठ्याने रडलीच नव्हती. मी शेजारी बसून होतो. रडू ओसरल्यावर ती म्हणाली, "भाऊजी, आता मी काय करू?"

"आता सजव," मी म्हणालो. दुसरं काही सुचलं नाही म्हणून.

तिने ते मनावर घेतलं. आम्ही दिल्लीजवळच्या खुर्ज्याला जाऊन निळ्या नक्षीच्या चिनी मातीच्या थाळ्या आणल्या. खिळा विटेत मारायचा नाही, दर्जेत मारायचा, हा तिचा नियम. वर पिवळा दिवा असा लावला, की विटांच्या कडांची बारीक सावली पडावी. एकेक थाळी लावायला तिला आठवडा लागायचा. लावायची, दाराशी जाऊन बघायची, काढायची. दादाच्या बाजूला मात्र तिने काहीच लावलं नाही. हळूहळू ती जेवू लागली, शाळेतल्या गमती सांगू लागली. सोसायटीतल्या बायका घर सजवताना तिचा सल्ला घेऊ लागल्या. मला वाटलं, वहिनी सावरली.

मग नेहाशी माझं लग्न ठरलं. माझी नोकरी नोएडात, नेहाचीही तिथेच. बाबांना जिने चढवेनात. ते म्हणाले, "हा विकू आणि नोएडात लिफ्टवाला मोठा घेऊ. सूनबाईंना वेगळी खोली राहील." सूनबाई म्हणजे वहिनी. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. वहिनी माझ्याकडे बघत होती. मी तोंडातून एक शब्द काढला असता, थोडं थांबू म्हणालो असतो, तर बाबा थांबले असते. मला नवं घर हवं होतं. मी मोबाइलमध्ये बघत राहिलो. फ्लॅटच्या विक्रीच्या कागदांवर साक्षीदार म्हणून सहीसुद्धा माझीच आहे.

वहिनी नोएडाला आली नाही. "नव्या संसारात मी कशाला? तुम्ही सुखाने राहा," म्हणाली. फरीदाबादला एका शाळेत नोकरी धरली, जवळच एक खोली भाड्याने घेतली. जाताना थाळ्या नेहाला देऊन गेली. दर्जा भरायचं थापीसारखं ते छोटं हत्यार तेवढं तिने पिशवीत टाकलेलं मी पाहिलं.

नव्या मालकांनी राहायला येण्याआधीच भिंतीला गिलावा करून पांढरा रंग दिला. एक जुने शेजारी मेट्रोत भेटले, त्यांनी सांगितलं. मी वहिनीला कळवलं नाही.

फरीदाबादला मी वर्षातून एकदा, फार तर दोनदा जायचो. ती पोहे करायची, नेहाची, आईबाबांची चौकशी करायची. तक्रार कधीच नाही. गेल्या दिवाळीत निघताना तिने सहज विचारलं, "भाऊजी, मयूर विहारला जाणं होतं का कधी? आपली भिंत आहे ना?"

"आहे ना, वहिनी," मी म्हणालो. "बिल्कुल तशीच आहे. त्या लोकांनाही फार आवडते."

"बरं झालं," ती म्हणाली. माझ्या हातात डबा दिला आणि जिन्याच्या टोकापर्यंत सोडायला आली.

फेब्रुवारीत शाळेत शिकवतानाच ती कोसळली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. मी हॉस्पिटलात पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. बेचाळीस वर्षांची होती.

दहा-बारा दिवसांनी तिची खोली रिकामी करायला गेलो. तिच्या शाळेतल्या एक बाई मदतीला आल्या होत्या. भांडी बांधता बांधता त्या म्हणाल्या, "दीदी को मयूर विहार वाला घर बहुत याद आता था. एक बार मुझे साथ लेकर गई थीं."

"कब?" मी विचारलं.

"दो साल हो गए होंगे. दरवाज़ा खुला था, अंदर सफ़ेद दीवार दिख रही थी. दीदी सीढ़ी पर ही बैठ गईं. फिर बोलीं, चलो. मैंने कहा, देवर जी से पूछिए तो सही. बोलीं, नहीं, उसको पता चला कि मैं देख आई हूँ, तो उसे बुरा लगेगा."

दोन वर्षांपूर्वी. म्हणजे दिवाळीत तिने मला विचारलं तेव्हा तिला सगळं ठाऊक होतं. माझं खोटं तिने ऐकून घेतलं, बरं झालं म्हणाली, आणि वर डबा दिला.

बाईंनी चहा ठेवला होता, तो घ्यायला मी थांबू शकलो नाही. परतताना मेट्रोत दोन वाक्यं जुळवत होतो. वहिनी, ती भिंत राहिली नाही. मी तुला खोटं सांगितलं. एवढंच तर बोलायचं होतं. फरीदाबादपासून नोएडापर्यंत मी ते मनातल्या मनात बोलत राहिलो. घरी आल्यावर नेहाने दार उघडलं आणि विचारलं, "झालं का सगळं?" मी 'हो' म्हणालो.