पाहुण्यांसाठी झाडलेली जमीन

"जमिनीचा डेटा रिपोर्टमधून काढून टाक," फ्लोरिस म्हणाला.

फ्लोरिस माझा बॉस. आइंडहोवनच्या ऑफिसात आम्ही बोर्निओतल्या पाम तेलाच्या एका मळ्याचे ग्राफ बघत होतो. परवा क्लायंट मीटिंग होती आणि लीड म्हणून हे माझं पहिलंच प्रोजेक्ट. जमिनीचा डेटा काढला, तर रिपोर्ट लंगडा झाला असता.

तिथली जमीन पीटची. पाणथळ जागेत साचलेला, अर्धवट कुजलेला पाला म्हणजे पीट. त्यावर मळा लावला की उन्हाची उष्णता कुठे जाते, हे आम्ही मोजतो. थोडी हवा तापवते, थोडी पाण्याची वाफ करते, थोडी जमिनीत शिरते. ही बेरीज आलेल्या उष्णतेपेक्षा जास्त होऊच शकत नाही. आमची होत होती, कारण जमिनीचा आकडा मध्येच चढला होता.

"जमिनीत पुरलेला सेन्सर गेलाय," फ्लोरिस म्हणाला.

"गेलेला सेन्सर इतका शहाण्यासारखा वागत नाही. दिवसा आत गेलेली उष्णता रात्री व्यवस्थित बाहेर येतेय. फ्लोरिस, तू साइटवर कधी गेला होतास?"

त्याने कॅलेंडर उघडलं. आकडा त्याच्या भेटीच्या आदल्या दिवशी चढला होता.

मला एकदम आई आठवली. पाहुणे येणार म्हटलं की ती आमच्या चिंचवडच्या सोसायटीचा जिनासुद्धा झाडून काढायची. मी लगेच साइटवरच्या टेक्निशियनला, आदीला, व्हिडिओ कॉल लावला.

"आदी, फोन जरा जमिनीकडे वळवतोस?"

सगळीकडे गवत आणि पामच्या वाळलेल्या फांद्या. सेन्सरच्या वर मात्र काळीभोर, लख्ख झाडलेली जमीन, भर उन्हात. तेवढ्याच तुकड्यात ऊन थेट आत शिरत होतं आणि आम्ही तो आकडा सगळ्या मळ्याचा धरत होतो.

"सर येणार होते ना," आदी खुशीत म्हणाला. "तेव्हापासून रोज झाडतो."

त्याला काय रागावणार? "छान ठेवलंयस," मी म्हटलं, "पण आता फांद्या होत्या तशा पसरून ठेव."

फ्लोरिसचे कान लाल झाले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आकडा खाली आला. मीटिंगमध्ये मी झाडण्याआधीचा आणि झाडल्यानंतरचा असे दोन्ही ग्राफ शेजारी शेजारी दाखवले, झाडलेल्या दिवसांचा डेटा वेगळा काढला आणि बाकीचा ठेवला. क्लायंटने रिपोर्ट जसाच्या तसा स्वीकारला. त्या संध्याकाळी सायकलवरून बेस्ट या शेजारच्या गावी घरी जाताना समोरून वारा होता, पण मला तो जाणवलाच नाही. स्वतःचा इतका अभिमान मला क्वचितच वाटलाय.

आता आमच्या साइट-चेकमध्ये एक प्रश्न वाढलाय: इथे कोणी झाडतं का? आणि फ्लोरिस हल्ली साइटवर न कळवता जातो.