करपलेली कड

आमच्या घरात एकदा एका खिशातल्या चाकूवरून बापलेकांत अबोला धरायची पाळी आली होती आणि ते प्रकरण मी निस्तरलं. मी म्हणजे घरातली सून. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे सगळी माझीच फुशारकी आहे. ज्यांना सुनांची फुशारकी सोसत नाही त्यांनी इथेच थांबलेलं बरं.

२००४ सालचा उन्हाळा होता. आम्ही नुकतेच अमेरिकेतल्या ट्रॉय गावात अपार्टमेंट सोडून छोट्या घरात राहायला आलो होतो. नवरा गाड्यांच्या एका कंपनीत आयटीत होता. मी लग्नाआधी पुण्याजवळ एका फोर्जिंगच्या कारखान्यात मेटलर्जिस्ट होते. पोलाद किती तापवायचं, किती वेगानं गार करायचं आणि मग पुन्हा थोडी ऊब देऊन त्याचा ताठा कसा उतरवायचा, हे ठरवणं माझं काम. मी नाही म्हटलं की माल फाटकाबाहेर जात नसे. मग डिपेंडंट व्हिसावर अमेरिकेत आले. या व्हिसावर भाजी आणता येते, गाडी चालवता येते, पाहुण्यांना जेवू घालता येतं. नोकरी करता येत नाही. माझं कारखान्यातलं भिंग सुईदोऱ्याच्या डब्यात जाऊन पडलं.

त्या उन्हाळ्यात सासरे सहा महिन्यांसाठी आले होते. त्यांना आम्ही दोघंही बाबा म्हणायचो. बाबांची सगळी नोकरी कोर्टात गेली होती. साक्षीदाराला पिंजऱ्यात उभं करून शपथ द्यायचं काम त्यांचं. त्यामुळे खरं-खोटं या गोष्टीला त्यांच्या लेखी फार वजन होतं. घरात दूध उतू गेलं तरी "कुणाच्या निष्काळजीपणामुळे" हे ठरवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. माणूस प्रेमळ, पण संध्याकाळी फिरायला जाताना कुणी भेटलं की माझी ओळख करून देत, "ही सून. घरीच असते, त्यामुळे मला सोबत होते." यात वाईट काहीच नव्हतं. मला मात्र प्रत्येक वेळी ते झोंबायचं, आणि झोंबलं की मी त्यांच्या चहात साखर कमी घालायची. तेवढाच सूड.

बाबांना आयुष्यभर एकच व्यसन, सुपारी. पुण्यात दातांच्या डॉक्टरांनी तोंडात पांढरे चट्टे पाहिले आणि सुपारी कायमची बंद करायला सांगितली. मुलानं फोनवर शब्द घेतला. बाबांनी दिला, आणि येताना अडकित्ता पुण्यातच ठेवून आले.

चाकू त्यानंतरचा. एक मोठं प्रोजेक्ट पार पडल्यावर नवऱ्याला त्याच्या बॉसनं स्वतःच्या हातानं तो भेट दिला. अक्रोडाच्या लाकडाची मूठ, मिटणारं पातं, अगदी कोरा. नवऱ्याला चाकूचं काय कौतुक? त्यानं तो बाबांच्या हाती दिला, आणि बाबा लहान मुलासारखे खूश झाले. सकाळी सफरचंदाच्या फोडी, दुपारी शेंगांच्या शिरा, आलेली पाकिटं उघडणं, आणि नव्या घरात आलेली पुठ्ठ्याची खोकी कापून सपाट करणं. चाकू दिवसभर त्यांच्या सदऱ्याच्या खिशात.

पंधरवडाही झाला नसेल, आणि पात्याची धार तुटली. मोठं काही नाही. उजेडात धरलं तर टोकाकडच्या भागात उंदरानं कुरतडल्यासारखे बारीक खळगे दिसायचे. बाबांनी स्वतःच ते जेवणाच्या टेबलावर सगळ्यांपुढे ठेवलं. त्या शनिवारी नवऱ्याचा नागपूरचा मित्र बायकोला घेऊन जेवायला आला होता.

"काका, खरं बोला," तो हसत म्हणाला, "सुपारी कातरली ना? नवा चाकू आहे यार, असा पुठ्ठ्यानं थोडीच तुटेल!"

सगळे हसले. मीही हसले असेन. बाबा म्हणाले, "नाही हो. सुपारीला हात लावलेला नाही मी."

तिथेच संपायला हवं होतं. पण मित्र गेल्यावर नवऱ्यानं चाकू उलटसुलट करून पाहिला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "बाबा, खरं सांगा. मी चिडणार नाही. चाकूचं सोडा हो, तब्येतीचा प्रश्न आहे."

"खरंच सांगतोय मी."

"बरं. ठीक आहे, ठीक आहे." आणि त्यानं विषय बदलला.

ते दोनदा म्हटलेलं "ठीक आहे" बाबांच्या वर्मी लागलं. नवऱ्याचं बापावर प्रेम नव्हतं असं नाही. काळजीपोटीच बोलला तो. पण ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांना खरं बोलायला लावलं, त्याला त्याच्याच मुलानं खोटं ठरवून वर माफही करून टाकलं होतं. बाबांनी चाकू मिटला, स्वयंपाकघरातल्या खणात ठेवला आणि पुन्हा हातात घेतला नाही. सफरचंद नको म्हणू लागले. मुलाशी बोलणं हवापाण्यापुरतं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी पोळ्या करत असताना ओट्याशी येऊन उभे राहिले.

"माझं परतीचं तिकीट अलीकडे घेता येतं का, बघशील?"

मला रडू यायला हवं होतं. आला तो संताप. नवऱ्याचा, त्या मित्राचा आणि सगळ्यांत जास्त माझा स्वतःचा. या घरात पोलाद कशानं तुटतं हे सांगू शकणारी एकच व्यक्ती होती, आणि ती पोळ्या लाटत बसली होती. मी गॅस बंद केला. सुईदोऱ्याच्या डब्यातून भिंग काढलं, खिडकीपाशी गेले आणि चाकू उघडला.

भिंगाखाली पोलाद दिसलं आणि माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. चांगलं पोलाद जोर पडल्यावर आधी वाकतं. इथे एकाही खळग्याची कड वाकलेली नव्हती. सगळे काचेच्या कपच्या उडाव्यात तसे, आतून कोरडे, चकचकीत. सुपारी कातरताना माणूस मुठीजवळच्या भागानं जोर देतो, आणि तिथे एकाच जागी मोठा घाव दिसला असता. खळगे सगळे टोकाकडे होते, खोकी कापताना लागतो त्या भागात. आणि मुठीजवळची धार तर जशी कारखान्यातून आली तशीच होती, कोरी. काय झालं असेल ते मला कळलं, पण कळून भागणार नव्हतं. या घरात पुरावा लागत होता.

रविवारी सकाळी मी दोघांना टेबलाशी बसवलं. नवरा म्हणाला, "हे काय, कोर्ट?"

"हो," मी म्हटलं. "गप्प बस आणि बघ."

कारखान्यात मी एक साधी चाचणी शिकले होते. पितळेच्या गोल कांडीवर धार आडवी टेकवून हलकेच दाबायची. पोलाद बरोबर असेल तर कड जराशी वाकते आणि परत सरळ होते. मऊ असेल तर वाकलेलीच राहते. जास्त कडक असेल तर तुटते. घरात पितळेची कांडी कुठली? देवघरातल्या पळीचा दांडा होता. मी मुठीजवळची कोरी धार पळीच्या दांड्यावर टेकवली. "इथे बाबांनी काय, कुणीच काही कापलेलं नाही. मान्य?" नवऱ्यानं भिंगातून बघून मान्य केलं. मी दाबलं, चमच्यानं दही कापताना लावतो तेवढाच जोर. बारीक 'कट्' झालं. तिथेही तसाच खळगा.

नवरा म्हणाला, "एका ठिकाणी झालं म्हणून लगेच..."

मी शेजारी पुन्हा दाबलं. पुन्हा कट्. मग त्यानंच भिंग उचलून तो खळगा पाहिला.

मी त्यांना समजावून सांगितलं. चाकूला शेवटची धार मशीनवर लावतात. पट्टा जोरात फिरत असतो आणि पात्याची कड असते कागदासारखी पातळ. पापड भाजताना आधी कडच करपते, तसंच ते. घाईत जरा जास्त दाबलं गेलं की कड क्षणात लाल तापते आणि बाकीचं पातं थंड असल्यामुळे क्षणात गारही होते. म्हणजे पोलादाला पुन्हा पाणी दिलं गेलं, पण नंतर ऊब देऊन त्याचा ताठा कुणी उतरवलाच नाही. दिसायला चकाचक, धारही भयंकर, पण ठिसूळ. त्यात कोन फारच निमुळता ठेवलेला. अशी धार पुठ्ठ्यानंही तुटते. "मात्र हे फक्त कडेपुरतं असतं," मी म्हटलं. "आतलं पोलाद चांगलं असणार. तेवढी करपलेली कड घासून काढायची."

"कशावर घासणार?" नवऱ्यानं विचारलं. धारेचा दगड घरात नव्हता.

एकच दगड होता, देवघरातली गंध उगाळायची सहाण. ती बाबांनीच पुण्याहून आणली होती आणि रोज पूजेला तेच गंध उगाळत. मी त्यांच्याकडे पाहिलं. मागायचा मला धीर होत नव्हता. बाबा उठले, सहाण धुऊन, पुसून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "देवाला आज कुंकवावर भागवू."

सकाळभर मी पातं घासत होते आणि बाबा त्याच पळीनं सहाणेवर पाण्याचे थेंब सोडत होते. पांढऱ्या गंधाच्या जागी काळपट चिखल जमत होता. हात विसरले नव्हते. कोन जरा बोजड ठेवला, दोन्ही बाजूंना सारखे हात दिले, आणि शेवटी कॉफीचा मग पालथा घालून त्याच्या बुडाच्या खरखरीत कडेवर धार साफ केली. नवरा अधूनमधून येऊन बघून जायचा आणि आम्हाला चहा करून द्यायचा. ही त्याची माफी मागायची सुरुवात होती.

मग पुन्हा पळीचा दांडा. मी दाबलं. कड उजेडात जराशी लवली, आणि सोडल्यावर सरळ झाली. तिथे, शेजारी, टोकाकडे, सगळीकडे. कुठेही कट् नाही. मला इतका आनंद झाला की मी टेबलावर थाप मारली. कितीतरी काळानंतर मी एका मालाला हो म्हटलं होतं.

"आता सुपारी," मी म्हटलं.

दोघंही दचकले. मी देवघरातून पूजेचा डबा आणला, त्यातली एक सुपारी काढली आणि नव्या धारेनं तिचे दोन पातळ पापुद्रे काढले. भिंगातून पाहिलं, धार जशीच्या तशी. "सुपारी कातरली असती तरी चांगला चाकू असा तुटला नसता," मी सांगितलं.

पण नवरा चाकूकडे बघतच नव्हता. तो पूजेच्या डब्याकडे बघत होता. डब्यात मूठभर सुपाऱ्या होत्या. रोज सकाळी तो डबा बाबांच्याच हातात असे, घरात कुणी उठायच्या आधी. आल्यापासून रोज. खायचीच असती तर कुणाला कळलंही नसतं.

बाबांनी टेबलावरचे ते दोन पापुद्रे बोटानं उचलले. क्षणभर त्यांचा वास घेतला, अगदी डोळे मिटून. मग उठून कचऱ्याच्या डब्यात टाकले आणि हात धुतले.

"बाबा, सॉरी," नवरा म्हणाला. "मी विश्वास ठेवायला हवा होता."

"हो, हवा होता," बाबा म्हणाले. त्यांनी उगाच मोठेपणा करून ते सोडून दिलं नाही, हे मला फार आवडलं. थोड्या वेळानं त्यांनीच फळांच्या टोपलीतून सफरचंद काढलं, फोडी केल्या आणि पहिली मुलाच्या हातावर ठेवली. तिकिटाचं पुन्हा कधी निघालं नाही.

पुढच्या शनिवारी आम्ही त्या नागपूरच्या मित्राकडे गेलो. त्याचे सासू-सासरे आदल्याच दिवशी भारतातून आले होते. ओळखी झाल्या, कोण कुठलं, कोण कुठल्या कंपनीत. मग त्याच्या सासूबाईंनी नेहमीचा प्रश्न मला विचारला, "आणि तू काय करतेस गं?"

या प्रश्नाला माझं उत्तर पाठ झालं होतं. "काही नाही मावशी, घरीच." ते ओठांवर आलंही होतं. पण कोर्टातल्या त्या ठणठणीत आवाजात बाबा माझ्याआधी बोलले.

"ती मेटलर्जिस्ट आहे," ते म्हणाले. "सध्या फक्त इथल्या सरकारनं तिला रजेवर ठेवलंय."