गुणाआतेला सगळं माहीत होतं

गुणाआते बायकांच्या तोंडाकडे कधी बघत नसे, पायांकडे बघे. सकाळी घरासमोरच्या खळ्यात तुळशीपाशी पान जुळवत बसायची. मासळी आणायला किनाऱ्याकडे निघालेल्या बायका समोरून गेल्या, की मान वर न करता म्हणायची, "धाकट्या सुनेक दिवस गेलेत हां." त्या सुनेला स्वतःला पत्ता नसायचा. पण महिन्याभरात त्या घरातून पेढे यायचे, आणि आते पेढा तोंडात टाकत म्हणायची, "पोट एक वेळ खोटा बोलात गो, पाय बोलूचे नाय."

ती माझ्या नवऱ्याची, विलासची आते. तिचा नवरा तरुणपणीच गेला, तशी ती माहेरी तारकर्लीला परतली ती कायमची. विलास बोटीवर नोकरीला, वर्षातले बरेच महिने पाण्यावरच. घरात आम्ही दोघीच, आणि मागच्या बागेत पर्यटकांसाठी बांधलेल्या दोन खोल्या. मी वालावलची. लग्न होऊन आले तेव्हा मला सासू नव्हती, पण सासुरवासाची सगळी हौस आतेने भागवून घेतली. आमटीत मीठ जरा जास्त झालं की, "समुद्र जवळ आसा म्हणान सगळो घरात हाडलंस?" पण मला ताप आला तर रात्रभर उशाशी बसणारीही तीच. मी तिला घाबरत होते आणि तिच्यावाचून माझं चालतही नव्हतं.

गरवार बायकांवर तिचा कायदा कडक. ग्रहणात अशा बाईने काही चिरायचं-कापायचं नाही, नाहीतर मुलाला व्यंग येतं, ही आमच्याकडची समजूत. ग्रहण असलं की आते वाडीत घरोघर फिरायची आणि जिथे गरवार बाई असेल तिथला आडाळा, म्हणजे आमच्याकडची विळी, उचलून माळ्यावर ठेवायला लावायची. मोठमोठ्या शिकलेल्या सुनाही निमूट आडव्या पडायच्या. आतेशी कोण वाद घालणार?

लग्नानंतर काही वर्षांनी मला दिवस गेले, आणि सातव्या महिन्यात मूल पोटातच गेलं. मी रिकाम्या हातांनी घरी आले तेव्हा आतेने पाळणा दिसेनासा केला होता. भेटायला आलेल्या बायकांना तिने उंबऱ्यावरच बजावलं, "आत जावन त्या गजालीचो उच्चार करूचो नाय." कुणी केला नाही. मीही केला नाही. पुन्हा मूल होणं कठीण, असं डॉक्टर म्हणाले होते. मी ते दार लावून घेतलं आणि कामाला लागले. पाहुणे, घावणे, चादरी, माशांची ताटं. बरं चाललं होतं.

दोनेक वर्षांनी विलास रजेवर येऊन गेला. त्यानंतर अंग जरा जड वाटे, पित्त उसळे. अधूनमधून डाग दिसायचा, तीच पाळी समजत होते. पोट काही वाढलं नव्हतं. कधी आत काहीतरी सरकल्यासारखं वाटलं तर गॅस म्हणून ओवा खायचे. आज कुणी हसेल. हसा. मला खरोखर काही माहीत नव्हतं.

त्याच दिवसांत एका संध्याकाळी चंद्रग्रहण लागलं. आते नेहमीप्रमाणे वाडीत फिरून, सगळ्यांचे आडाळे बंद करून आली. मग आपल्या घरातला आडाळा तिने स्वतःच्या हाताने माझ्यापुढे सरकवला. "सुरमय काप गो. पावण्यांका ग्रहण-बिरण काय नाय, भूक मात्र लागतली." मी सुरमई कापली. नंतर हिशेब केला तेव्हा कळलं, मला तेव्हा सातवा चालू होता.

आणि एका सकाळी, पुण्याचे पाहुणे न्याहारीला बसलेले असताना, माझी कंबर अशी धरली की तव्यावरचं घावण तसंच टाकून मी न्हाणीघरात गेले. थोड्याच वेळात तिथे मूल झालं. मुलगी. मी भिंतीला टेकून तिच्याकडे नुसती बघत होते. माझी किंकाळी ऐकून आते धावत आली. तिने मूल उचललं, लुगड्याच्या पदरात गुंडाळलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "ह्या खंयसून इला गो?" हे आलं कुठून, हेच तिला कळेना. तिचा चेहरा मी विसरणं शक्य नाही. ती माझ्याइतकीच हादरली होती.

पाहुण्यांच्याच गाडीने आम्हाला मालवणात दवाखान्यात नेलं. दुपारपर्यंत अर्धी वाडी तिथे जमली. बायकाच त्या, सोडतात होय? एक जण आतेला म्हणाली, "साऱ्या गावाचा तुका दिसता, आणि घरातला दिसाक नाय? काखेत कळसो नि गावाक वळसो!" सगळ्या हसल्या. खाटेवरून मला आतेची पाठ दिसत होती. ती ताठ झाली.

"माका म्हायत होता," ती म्हणाली. "पयल्या महिन्यापासून. हिनाच सपत घातल्यान माका, कोणाक सांगा नको म्हणान."

मला वाटलं, मीच चुकीचं ऐकलं. पण ती वळली आणि माझ्या अंगावरची चादर नीट करू लागली, इतक्या मायेने की मला ओरडताही आलं नाही.

झालं. नवऱ्यापासून मूल लपवणारी बाई कशी असते, हे गावाला सांगावं लागत नाही. बातमी बोटीवर पोचली. विलासचा फोन आला तेव्हा तो चिडला नव्हता. चिडला असता तर बरं झालं असतं. "आतेक सांगूक येता, माका नाय?" एवढंच म्हणाला. पुढे फोन करायचा तो आतेला.

तिथल्या डॉक्टरीणबाई मात्र माझ्याजवळ खुर्ची ओढून बसल्या. "तुम्ही खोटं बोलला नाहीत," त्या म्हणाल्या. "असं होतं. मोठं दुःख झालेलं मन कधी कधी पोट मानायलाच तयार नसतं, आणि शरीरही गप्प राहतं. मूल पाठीच्या बाजूने वाढतं, पोट दिसत नाही. जवळच्या माणसांनाही दिसत नाही." मी पहिल्यांदा रडले ती तेव्हा. मुलीला पाजताना दुसऱ्याचं मूल सांभाळतेय असं वाटायचं, तेही मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "माया ओढूनताणून आणू नका. रोज तिच्याशी बोला. बाजारभाव सांगितलात तरी चालेल." मी तिला बांगड्यांचे भाव सांगू लागले. पापलेटचे सांगितले. एक दिवस ती हसली, आणि मग ती माझी झाली.

विलास रजेवर आला तेव्हा मी दोघांना समोर बसवलं. म्हटलं, "आते, तुका म्हायत होता, तर ग्रहणात माझ्यापुढे आडाळो कित्याक ठेवलंस?"

माझ्याकडे एवढा एकच पुरावा होता. आतेने ग्रहणात गरवार बाईला आडाळ्यावर बसवलं, हे वाडीत शेंबडं पोरही मानणार नाही. विलासने चमकून तिच्याकडे पाहिलं. मांडीवरच्या माझ्या मुलीला आतेने दोनदा थोपटलं. मग म्हणाली, "मी नको म्हटलंय रे बाबा. हिनाच ऐकल्यान नाय."

विलास उठून किनाऱ्याकडे निघून गेला. आता मी नुसती खोटारडी नव्हते, पोटच्या मुलीच्या जिवावर उठलेली होते. मी आतेला वाटेल ते बोलले. संध्याकाळी तिने माझ्या आवडीची आमटी करून ठेवली.

पुढे विलासला मी डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली. मुलीवर तो जीव टाकतो. पण भांडण झालं की अजून म्हणतो, "तुझ्या मनातला कोणाक कळता?"

मुलीला तेल लावून न्हाऊमाखू घातलं ते आतेनेच. आजही मला प्रश्न पडतो, की तिला माझे पाय दिसले कसे नाहीत? मला वाटतं, गेलेल्या मुलासाठी मी दार लावलं तेव्हा तीही माझ्याबरोबर आतच बसली होती. मला न दुखवण्यासाठी तिने माझ्याकडे बघणंच सोडलं होतं. एवढं ती बोलली असती तर मी तिचे पाय धरले असते.

गेल्या वर्षी तिने अंथरूण धरलं. एका दुपारी मी तिला पेज भरवत होते. विलास घरात होता, मुलगी शाळेत गेलेली. आतेने माझं मनगट धरलं आणि हळूच म्हणाली, "दार लाव." मी दार लावलं. वाटलं, आता बोलेल. नवऱ्याला हाक मारावी, असंही मनात आलं.

"माझा आता काय रवला नाय," ती म्हणाली. "आता तरी खरा सांग. तुका म्हायत होता ना गो?"

न्हाणीघरातला माझा चेहरा बघितलेलं जगात एकच माणूस होतं, आणि ते मला हे विचारत होतं.

"नाय, आते."

तिने माझ्या हातावर थोपटलं. लबाडी नव्हती त्यात, नुसती माया होती.

"राव दे. नको सांगू," ती म्हणाली. "मी कोणाकडे बोलूचंय नाय."