रांगेतलं चौथं काम

दैनिकातली नोकरी सुटल्यावर मी पुंडलिकनगरच्या घरी बसून अनुवाद आणि मुद्रितशोधन करू लागलो. एक काम हातात घेतलं की दुसरी तीन आठवायची. जुन्या कार्यालयात संगणक सांभाळणाऱ्या मित्राने मला एक छोटा प्रोग्रॅम बसवून दिला. काळी खिडकी, त्यात बटणं नाहीत, चित्रं नाहीत. काम टाइप करायचं. ते रांगेत शेवटी जातं. दिसतं फक्त पहिलं. ते झालं असं कळवलं की पुढचं वर येतं. त्या खिडकीत मराठीच्या मात्रा फुटत, म्हणून मी रोमन अक्षरांत लिहीत असे. कामाचा वेग वाढला, हे खरं आहे.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला आईच्या मानेतल्या गाठीचा तुकडा तपासायला दिला होता. रिपोर्ट तयार झाल्याचा लॅबमधून फोन आला. कागद जाऊन आणायचा होता. मी तसं टाइप केलं. पुढे तीन कामं होती, पहिलं एका जाड पुस्तकाच्या मुद्रितांचं.

आई बजाजनगरला बहिणीकडे होती. बहीण कारखान्यात पाळीवर जाते. तिचा फोन आला.

"दादा, आणला का रिपोर्ट?"

"कामात टाकलंय."

"टाकलंय म्हंजे? लॅबवाला घरी आणून देणार हाय का?"

"आणतो गं. लिहून ठेवलंय."

"तुझं लई भारी असतं बघ. लिहिलं की झालं!"

दैनिकाच्या डेस्कवर पाळी संपताना उरलेली कामं रजिस्टरात लिहून उठायची पद्धत होती. लिहिलं की ते पुढच्या पाळीचं. मी वर्षानुवर्षं तसाच उठत आलो होतो. त्या दिवशीही टाइप केल्यावर तेच हलकेपण आलं. घरी पुढची पाळी नव्हती.

मुद्रितं संपायला बारा दिवस लागले. उरलेली दोन कामं एका सकाळी उरकली आणि रिपोर्टची ओळ वर आली. दुपारी पाकीट आणलं, दुसऱ्या दिवशी आईला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कागदावरची तारीख पाहिली.

"इतके दिवस कुठं होतात?"

मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "त्याच्यामागं लई व्याप असतो, साहेब."

तिला बाहेर बसवून मी परत आत गेलो. या दिवसांनी फरक पडला का, असं विचारलं.

"सांगता येणार नाही," ते म्हणाले. असं उत्तर आम्ही बातमीत घेत नसू. त्यातून काही ठरत नाही.

कर्करोगाचे उपचार चालू आहेत. आईचं वजन उतरलं आहे, आवाज बसला आहे. दवाखान्याच्या फेऱ्या बहीण रजा टाकून करते. मी येतो म्हटलं की ती म्हणते, "नको दादा, तू तुझं काम कर." तिच्या आवाजात टोमणा नसतो. माझ्यावर काही सोपवायचं नाही, हे तिने ठरवून टाकलेलं आहे.